मधले मुक्काम

आषाढी वारीवर लिहायला बसलेल्या माणसाला दोन जागा आयत्या मिळतात. एक देहू. ज्येष्ठ वद्य सप्तमी, इंद्रायणीचा काठ, इनामदार वाड्यातला मुक्काम, मग आकुर्डी, मग पुण्यात नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबासमोरची दर्शनाची रांग. दुसरी पंढरपूर. वाखरी, इसबावी, चंद्रभागेचं वाळवंट, कळस. या दोन जागांवर मराठीत इतकं लिहून झालंय की आता त्यात भर घालायला धाडसच लागतं. मधल्या वाटेवर काय असतं? उंडवडी गवळ्याची, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. तुकोबांची पालखी या गावांतून जाते तेव्हा पुण्याची गर्दी मागे पडलेली असते, वर्तमानपत्रांतली छायाचित्रं आतल्या पानांवर गेलेली असतात आणि पंढरपूर अजून आठवडाभर लांब असतं. हे संकलन त्या गावांचं आणि त्या दिवसांचं आहे.

इरावती कर्व्यांचा ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशींचं १९६४ सालचं ‘पालखी’ ही वारीवरची मराठीतली दोन मोठी लेखनं. दोघेही चालले ते आळंदीच्या पालखीबरोबर. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण या वाटेनं. त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनातली वारी बहुधा दिवे घाट चढून जाणारी असते. पाटसहून रोटीचा घाट चढून बारामतीकडे वळणारी वाट त्यामानानं कमी लिहिली गेली. संकलनाला एवढंही कारण पुरलं असतं. पण खरं कारण वेगळं आहे.

हाती घेतलेलं चांगलं काम निम्म्यावर आलं की त्यातला रस का आटतो, आणि आटल्यावरही काही माणसं ते पुढे कसं रेटतात, हा प्रश्न कुणाला चुकलेला नाही. घर बांधायला काढलेला माणूस स्लॅब पडेपर्यंत रोज साइटवर जातो आणि प्लास्टरच्या वेळी फोनवर भागवतो. बारामतीत, इंदापुरात अभ्यासिका आहेत. त्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली सकाळी सातला जागा धरतात. पहिल्या वर्षी घरातून डबा कौतुकानं येतो. पूर्व निघते, मुख्य राहते, मग जाहिरातच लांबते, आणि तिसऱ्या वर्षी तोच डबा गुपचूप येतो. अशा मुलांना आपण काय देतो? मोबाइलवरची प्रेरणादायी भाषणं. त्या धंद्याविषयी माझं मत फारसं बरं नाही. पहिल्या दिवसाचा उत्साह नवव्या दिवशी परत आणून देतो, असं ते भाषण सांगत असतं, आणि तो काही परत येत नसतो. भाषण ऐकून झाल्यावर अर्धा तास छाती फुगते, मग पुस्तकाचं तेच पान पुढ्यात.

वारीनं हा खटाटोप केलेला नाही. उत्साह वाटेत संपणार, हे तिथं आधीच धरलेलं आहे. संपल्यावर चालायचं कसं, याची सोय मात्र फार बारकाईनं केलेली आहे. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. तेव्हापासूनच्या माणसांनी ही सोय हळूहळू, चुकतमाकत बसवली. मला या प्रस्तावनेत तिच्याविषयीच लिहायचं आहे, आणि त्यासाठी पालखी बारामतीच्या अलीकडे-पलीकडे असताना बघायला हवी.

वरवंडचा मुक्काम हलवून पालखी पाटसला येते आणि रोटीच्या घाटाला लागते. घाट म्हणावा इतका तो मोठा नाही, पण रथ जड असतो. चढाला जादा बैलजोड्या जुंपतात, गावोगावचे लोक आपले बैल घेऊन आलेले असतात. तिथपर्यंत मजा असते. घाट चढून वर आलं की माळ सुरू होतो. पाऊस झाला असेल तर हिरवट, नसेल तर नुसता तांबूस-करडा. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि त्यातलाही बराच परतीचा. पुण्यात भिजलेले कपडे इथं अंगावरच वाळतात. वारा समोरून येतो. उंडवडीला पालखी पोचते तेव्हा बऱ्याच जणांचं भजन ओठांवर असतं आणि लक्ष पायाकडे.

पायांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण या दिवसांत वारीचा निम्मा विषय तोच असतो. डांबरी रस्त्यावर आठ दिवस चालल्यावर टाचेला आणि बोटांच्या बुडाशी पाणी भरलेले फोड येतात. जुनी वारकरी बाई दुपारच्या विसाव्याला झाडाखाली बसते, पिशवीतून सुई काढते, काडी ओढून तिचं टोक तापवते, आणि फोडातून दोरा ओवून दोन्ही टोकं बाहेर सोडून देते. दोऱ्यावाटे पाणी झिरपत राहतं, कातडी निघत नाही, संध्याकाळी चालता येतं. डॉक्टरांना हे पसंत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. पण बाईच्या चेहऱ्यावर त्या वेळी दुःख नसतं, त्रागाही नसतो. शिवण उसवली तर ती टाकतात, तशी ती टाकत असते. नवखा शेजारी विचारतो, “मावशी, अजून किती?” ती म्हणते, “आज सणसर.” त्याला पंढरपूर विचारायचं असतं, ते तिला कळलेलं असतं. तरी ती पंढरपूर सांगत नाही.

बारामतीत मुक्काम शारदा प्रांगणात. गावात पालखी येते तो दिवस शहराचा सण. रस्त्यावर मांडव, चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, पावसाळी कागद. दाढी-कटिंग करून देणारे, फुकट चप्पल शिवून देणारे, पायांना तेल लावून रगडणारे. तेल लावून घेताना म्हातारा वारकरी ओशाळतो, पाय मागे घेतो. तेल लावणारा पोरगा तो पुन्हा पुढे ओढतो. हे सगळं खरं आणि चांगलं आहे. पण चालणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर बारामती ही थांबण्याची सगळ्यात मोठी सबबही आहे. एसटी स्टँड जवळ, रेल्वे जवळ, हॉस्पिटल जवळ. देहू सोडून आठवडा झालेला, म्हणजे निम्मी वारी झालेलीच. ‘यंदा एवढीच’ असं म्हणून घरी जायला कुणी नाव ठेवणार नाही. त्यातून मन घराकडे ओढणारी गोष्ट याच सुमाराला घडते. मृगाचा पाऊस कुठे पडलेला असतो, कुठे नसतो. गावाकडून फोन येतो, पेरायचं का थांबायचं. फोनवर बोलणारा माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि त्याची दिंडी पुढे जाते. दोन मिनिटांनी तो फोन खिशात घालून पळत पळत आपल्या रांगेत शिरतो. तो का परततो, हे मला बरेच दिवस भक्तीचं कोडं वाटत होतं. आता वाटतं, त्यात भक्तीइतकाच रांगेचाही हात आहे.

दिंडीत त्याची जागा ठरलेली असते. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये मृदंग, विणेकरी, मागे डोक्यावर तुळस आणि हंडा घेतलेल्या बायका. कोणती दिंडी रथापुढे आणि कोणती रथामागे, तिचा नंबर कितवा, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं. टाळकऱ्यांच्या ओळीत एक माणूस गळाला तर ओळ तिरकी दिसते, शेजाऱ्याला दिसते, मागच्याला दिसते. जेवणाची भिशी निघायच्या आधी भरलेली असते. राहुटी, ट्रक, टँकर, स्वयंपाकी यांची तजवीज झालेली असते. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. काय गायचं हेसुद्धा ठरलेलं: सोमवारी सोमवारचे अभंग, मंगळवारी मंगळवारचे. वाराचे अभंग म्हणतात ते हेच. मुक्कामाला समाजआरती होते, उद्या कधी निघायचं ते कळतं.

या यादीत माणसाला स्वतः ठरवायचं असं काय उरतं? जवळपास काहीच नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटतं. मला यात मोठं शहाणपण दिसतं. दमलेल्या माणसाला चालणं तितकंसं जड जात नाही, चालायचं की नाही हे ठरवणं जड जातं. पहिल्या दिवशी ठरवायला मजा येते. नवव्या दिवशी दर दोन तासांनी तोच निर्णय पुन्हा घ्यायचा झाला तर एकदा तरी तो उलटा पडणारच. वारीत तो प्रश्न कुणी विचारत नाही. तुतारी वाजली की उठायचं. अभ्यासिकेतल्या मुलाचं नेमकं इथं अडतं. त्याला रोज सकाळी अभ्यासही करायचा असतो आणि अभ्यास का करायचा याचं उत्तरही स्वतःला नव्यानं द्यायचं असतं. दुसऱ्या कामातच तो दमतो.

शेजारच्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह होतात, त्यातही हीच हिकमत आहे. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पण सात दिवस जागणारा माणूस त्यांनी शोधलेला नाही, पहारे लावलेत. रात्री दोन ते चार या पहाऱ्याला ज्याचं नाव आहे तो डोळे चोळत येतो, गळ्यात वीणा घेतो, आणि चारला पुढच्याच्या गळ्यात घालून घरी जाऊन झोपतो. सप्ताह अखंड राहतो, आणि माणसांना झोपही मिळते.

आता रिंगणाकडे येतो. बारामती सोडल्यावर काटेवाडीत परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. पांढऱ्या-काळ्या मेंढ्यांचा कळप पालखीभोवती गरगर पळतो, त्याच्यामागे मेंढपाळ, धुळीचा लोट, आणि नवखे लोक मोबाइल उंच धरून. मग सणसरचा मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी बेलवाडी. तुकोबांच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण बेलवाडीचं. मैदानाच्या मध्यभागी पालखी, भोवती दिंड्या, त्यांच्याभोवती मोकळा ठेवलेला वर्तुळाकार रस्ता. आधी पताकावाले पळतात. मग तुळशी घेतलेल्या बायका पळतात. साठीच्या पुढच्या बायका एका हातानं वृंदावन सावरत, दुसऱ्यानं काष्टा धरत पळतात, आणि काल ज्या पायात दोरा ओवला होता तेच हे पाय. मग विणेकरी, मग टाळकरी, मृदंगवाले. शेवटी अश्व. घोडा सुटला की सगळं मैदान ओरडतं. घोडा गेल्यावर लोक वाकून त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. मग उड्यांचा खेळ, फुगड्या, हुतूतू.

लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे हे कुठे होतं. देहूत रिंगण नाही. पुण्यात नाही, लोणी काळभोरला नाही, यवतला नाही. पहिलं बेलवाडीला, मग इंदापूरला, मग अकलूजला, माळीनगरला उभं रिंगण, आणि पुढचं पंढरपूरच्या वेशीकडे. सगळी रिंगणं निम्मी वाट संपल्यावर आहेत. आळंदीच्या पालखीचंही तसंच. तिचं पहिलं उभं रिंगण लोणंद सोडल्यावर, तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाजवळ. कुणी मानसशास्त्राचा विचार करून ही जागा निवडली असं म्हणायला पुरावा नाही. मोकळं मैदान, घोड्यांचे मानकरी, पाणी, अशी साधी कारणं असतील. पण कारण काहीही असो, साडेतीनशे वर्षांच्या अनुभवात जे टिकलं ते हे. उत्सव आरंभाला ठेवला नाही, कारण आरंभाला त्याची गरज नसते. आपण मात्र सगळे नारळ पहिल्याच दिवशी फोडून मोकळे होतो. पुस्तक लिहायला घेतलं की लगेच सगळ्यांना सांगून टाकतो. आठव्या प्रकरणाला फोडायला एक नारळ शिल्लक नसतो.

विद्यापीठांतल्या लोकांनी हा मधला भाग अलीकडे मोजूनही बघितलाय. क्लार्क हल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अन्न जवळ आलं की उंदीर वेग वाढवतो. पुढे माफेरिमा तूरे-टिलरी आणि शिकागो विद्यापीठातल्या आयेलेट फिशबाख या दोघींनी २०१२ साली माणसांवरचं एक काम प्रसिद्ध केलं. त्यातला एक भाग ज्यूंच्या हनुक्का सणाचा. आठ रात्री दिवे लावायचे असतात. पहिल्या रात्री आणि शेवटच्या रात्री लोक ते नेमानं लावतात, मधल्या रात्री टाळाटाळ वाढते. दुसऱ्या भागात लोकांना एकसारखे आकार कात्रीनं कापायला दिले, तर मधले आकार जास्त ओबडधोबड कापले गेले. म्हणजे आळस हा एकट्या माणसाचा दोष नाही, जागेचाही आहे. सुरुवात डोळ्यांसमोर असते, शेवट डोळ्यांसमोर असतो, मधल्या माणसाला दोन्ही दिसत नाहीत. त्यावर या मंडळींचा साधा उपाय असा की मधला भाग लहान करा. वर्षाचं ध्येय आठवड्यांत मोडा. वारकरी बाईनं ‘आज सणसर’ म्हटलं तेव्हा ती हेच करत होती. तिनं शोधनिबंध वाचला नव्हता एवढंच.

या सगळ्याला एक आडवा दाखला २०२० सालानं दिला. करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका देहूतच राहिल्या, आणि आषाढ शुद्ध दशमीला, ३० जून रोजी, एसटीनं एका दिवसात पंढरपूरला गेल्या. २०२१ सालीही बसच होती. वारी चुकली नाही, पादुका वेळेवर पोचल्या, एकादशी झाली. पोचणं हाच जर सगळा हेतू असता तर त्या दोन वर्षांत काहीच उणं पडलं नसतं. पण काटेवाडीत पायघड्या नव्हत्या, बेलवाडीचं मैदान रिकामं होतं, निमगाव केतकीच्या पानमळ्यांवरून वीणा-मृदंगाचा आवाज गेला नाही. त्या वर्षी काय हरवलं, हे ज्यांना विचारलं त्यांतल्या कुणीही चंद्रभागेचं नाव आधी घेतलं नाही. सगळे वाटेचं बोलत होते. एरवी ज्या दिवसांत कधी संपतंय असं होतं, ते दिवस.

वाचणारा म्हणेल, हे समुदायाचं झालं. एकट्यानं करायच्या कामाला दिंडी कुठली? त्याला उत्तर बारामतीतच, कऱ्हेच्या काठी आहे, आणि ते सव्वादोनशे वर्षं जुनं आहे.

मोरोपंत पराडकर. जन्म १७२९चा, पन्हाळ्याचा. मृत्यू १७९४ साली बारामतीत. पेशव्यांचे सोयरे आणि सावकार बाबूजी नाईक यांच्या आश्रयानं ते बारामतीत राहिले, पुराण सांगत राहिले आणि लिहीत राहिले. त्यांच्या आर्याभारताची मोजदाद १७ हजार आर्यांच्या घरात जाते. सगळी रचना धरली तर आकडा पाऊण लाखाच्या आसपास सांगतात. महाभारत लिहायला घेणाऱ्या माणसाची खरी परीक्षा युद्धात होत नाही. युद्ध स्वतःच ओढून नेतं. परीक्षा होते ती शांतिपर्वात, अनुशासनपर्वात. लढाई संपलेली, सगळे मेलेले, आणि भीष्म शरपंजरी पडून राजधर्म सांगताहेत, दानधर्म सांगताहेत, अध्यायांमागून अध्याय. श्रोते पांगतात ते इथं. पंत तेही ओलांडून गेले.

कसे गेले, याची एक खूण त्यांच्या रामायणांत दिसते. परंपरा सांगते, त्यांनी १०८ रामायणं रचली. गोष्ट एकच. राम वनवासाला जाणार, सीता पळवली जाणार, रावण मरणार. दहाव्या वेळी तीच गोष्ट लिहिताना कुठलाही माणूस लेखणी खाली ठेवेल. पंतांनी गोष्ट बदलली नाही, अट बदलली. मंत्ररामायणात ‘श्रीराम जयराम जय जय राम’ या मंत्राची अक्षरं रचनेत गुंफत जायची. निरोष्ठ रामायणात ओठ जुळतील असं एकही अक्षर वापरायचं नाही. प, फ, ब, भ, म सगळी वर्ज्य. आता रामायण लिहायचं आणि म वर्ज्य, म्हणजे रामाचं नावच घेता येत नाही! राघव म्हणून भागत नाही, कारण वकारालाही ओठ लागतात. एवढी अडचण स्वतःच्या मार्गात स्वतःच घालायची, आणि मग तिच्यातून वाट काढण्यात सकाळ घालवायची. जुन्या टीकाकारांनी पंतांना यमकांचे कारागीर म्हणून नाकं मुरडली. काव्य म्हणून त्यांचं म्हणणं काही अंशी मलाही पटतं. पण चाळीस वर्षं रोज बैठकीला बसणाऱ्या माणसाचा हा डाव मला फार शहाणा वाटतो. विषयातला रस आटला, तर त्यांनी हातातल्या कामाला नवं कुलूप लावलं.

आणि शेवटी ‘केकावली’. एवढ्या आर्या रचून झाल्यावर पृथ्वी वृत्तात देवाकडे मोरासारखी केका. आळवणी आहे, तक्रार आहे, थोडं भांडणही आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या गोष्टी सांगणारा माणूस तिथं स्वतःचं बोलतो. आधीचे सतरा हजार मैल चालला नसता तर हा आवाज त्याला सापडला असता का, याचं उत्तर कुणी देऊ शकणार नाही. मी तरी ‘नाही’ या बाजूला आहे.

इथं एक खुलासा करायला हवा, नाहीतर हे संकलन चिकाटीची आरती वाटेल. अर्ध्यावर सोडलेलं प्रत्येक काम चुकून सोडलेलं नसतं. काही कामं सोडायलाच हवीत. पाय मोडल्यावर चालणाऱ्याला वारकरीसुद्धा शहाणा म्हणत नाहीत, ॲम्ब्युलन्समध्ये बसवतात. माळ घातलेल्या घरात वारी चुकवायची नाही हा नेम असतो, पण तो घराचा नेम असतो. बाप अंथरुणाला खिळला तर मुलगा जातो, मुलगा नोकरीत अडकला तर सून किंवा पुतण्या जातो. नेम टिकतो, माणूस बदलतो. त्यामुळे कुणा एकावर वीर व्हायची पाळी येत नाही. आपल्याकडे जिद्दीच्या गोष्टी सांगताना हा भाग गाळतात आणि एकटा माणूस वादळात उभा करतात. बारामती-इंदापूरच्या वाटेवर एकटा माणूस शोधून सापडत नाही.

वाट मात्र बदलते आहे, त्याची नोंद संकलनातल्या काही लेखांत आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन झालं. तुकोबांच्या पालखीचा पाटसपासून बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे जाणारा महामार्ग सुमारे १३० किलोमीटरचा, कडेला पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट. रस्ता रुंद होताना जुनी झाडं गेली. नवी लावलेली सावली देईपर्यंत दुपारचे विसावे मांडवाखालीच. चालायला रस्ता चांगला झाला यात शंका नाही, फक्त उजाड माळावर सरळसोट चौपदरी रस्ता लांबवर दिसत राहतो आणि जेवढं लांबचं दिसतं तेवढं मन खचतं, असं जुने लोक म्हणतात. वळणं होती तेव्हा वळणापर्यंतच जायचं असायचं.

लेखकांविषयी. यांतले काही दरसालचे वारकरी आहेत, काही वाटेवरचे गावकरी, ज्यांच्या दारावरून पालखी जाते आणि जे स्वतः कधी पंढरपूरला चालत गेलेले नाहीत. सोपानकाकांच्या पालखीबरोबर बारामती तालुक्यातून चाललेल्यांचे अनुभवही घेतले आहेत, कारण मधल्या दिवसांचा शीण दोन्ही पालख्यांत सारखाच. भाषा ज्याची त्याची ठेवली. ज्यांनी सांगितलं आणि दुसऱ्यानं लिहून घेतलं, त्यांच्या बोलण्यातल्या पुनरुक्ती फार काढल्या नाहीत. चालणारा माणूस तीच गोष्ट दोनदा सांगतोच.

संकलन सराटीला थांबतं. तिथं पहाटे नीरेत पादुकांना स्नान घालतात, पालखी नदी ओलांडून सोलापूर जिल्ह्यात जाते, आणि अकलूजपासून पंढरपूरची ओढ सुरू होते. तिथून पुढचं ज्यांना वाचायचं आहे त्यांच्यासाठी मराठीत पुष्कळ लिहिलेलं आहे. आमच्या हद्दीतलं क्रमानं वाचायची सक्ती नाही. मात्र बेलवाडीचं रिंगण संपल्यापासून निमगाव केतकीपर्यंतचा मजकूर काही वाचकांना लांबल्यासारखा वाटेल. तो कापावा का, यावर आमच्यात वाद झाला. चालणाऱ्यांचं म्हणणं पडलं की तेवढा तो लांबच आहे, म्हणून तो जसाच्या तसा ठेवला.